चकचकीत कागदावरचे कृष्णधवल इंकजेट प्रिंट: रंगाची झाक, तांबूस झळाळी आणि काळ्याची खोली

अर्धछाया

नमस्कार. कृष्णधवल छायाचित्रे इंकजेट प्रिंटरवर ग्लॉसी फोटो पेपरवर छापण्याविषयी इथे तुकड्यातुकड्यांत बरेच लिहिले गेले आहे. ते एका ठिकाणी यावे आणि माझ्या काही अडचणींचीही उकल व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

आजवर मी प्रामुख्याने मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या कागदावर छापत आले आहे. त्यावरचा प्रिंट डोळ्यांना शांत वाटतो. मात्र ज्या छायाचित्रांचा सगळा भार गडद भागांवर असतो, म्हणजे पावसाने भिजलेला डांबरी रस्ता, काळ्या खडकावरून ओघळणारे पाणी किंवा अंधाऱ्या दारात उभा असलेला माणूस, त्यांच्यातला काळा मॅट कागदावर राखाडीकडे झुकतो. ग्लॉसी कागदावर तोच काळा खरोखर काळा उतरतो आणि सावलीतले बारकावेही उठून दिसतात. त्यामुळे अडचणी असल्या तरी हा कागद सोडायची माझी तयारी नाही.

माझा प्रिंटर पिगमेंट, म्हणजे घन रंगकणांच्या शाईचा आहे. त्यात फोटो ब्लॅक (चकचकीत कागदासाठीची काळी) ही एकच काळी शाई आहे आणि बाकीच्या सगळ्या शाया रंगीत आहेत. छापलेला प्रिंट खिडकीशी धरला तर मधल्या छटा हिरवट दिसतात आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली त्याच छटा गुलाबीकडे जातात. प्रिंट जरा तिरका केला की गडद भागांवर तांब्यासारखी झळाळी येते. ज्या भागांत शाई जवळजवळ पडलेलीच नाही, ते पांढरे भाग तर वेगळ्याच तऱ्हेने चमकतात. समोरून सरळ पाहताना यातले पुष्कळसे जाणवत नाही, पण प्रिंट हातात घेणारा माणूस तो हलवून पाहतोच.

प्रिंटर न बदलता यातले काय सुधारता येईल आणि कशासाठी तो बदलावाच लागेल, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

काळापांढरा

अर्धछाया, चांगला विषय काढलात. तुम्ही वर्णन केलेल्या गोष्टींची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की उपाय भलतीकडेच होतो. मी रंगाच्या झाकेबद्दल लिहितो. पृष्ठभागाबद्दल तिरीप यांनी लिहावे, कारण त्यांचा त्यात हात बसलेला आहे.

फिकट करडा केवळ काळ्या शाईने काढायचा तर थेंब विरळ टाकावे लागतात, आणि पांढऱ्या कागदावर विरळ पडलेले काळे ठिपके डोळ्याला खुपतात. ते दिसू नयेत म्हणून प्रिंटरचा ड्रायव्हर (संगणकातले छपाई चालवणारे सॉफ्टवेअर) फिकट आणि मधल्या छटा सायन, मॅजेंटा व पिवळ्या शाईच्या मिश्रणातून तयार करतो आणि काळी शाई प्रामुख्याने गडद भागांसाठी राखून ठेवतो. म्हणजे तुमच्या प्रिंटमधला बराचसा करडा हा तीन रंगांच्या तोलावर उभा आहे. एखादे नोझल किंचित बंद पडले, कागद बदलला किंवा हवेतली आर्द्रता वाढली, तरी तो तोल ढळतो. रंगीत छायाचित्रात एवढासा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. कृष्णधवल चित्रात मात्र लपायला दुसरा रंगच नसल्यामुळे किंचितशी हिरवट झाकसुद्धा लगेच दिसते.

दिवा बदलला की झाक बदलते, याचेही मूळ इथेच आहे. रंगीत शायांतून बनवलेला करडा सगळ्या तरंगलांबींचा प्रकाश सारख्या प्रमाणात परावर्तित करत नाही. एका विशिष्ट प्रकाशात त्याची बेरीज करड्यासारखी भरते, एवढेच. दिवसाच्या उजेडातून पिवळ्या दिव्याखाली गेले की त्या प्रकाशातले घटक बदलतात आणि बेरीजही बदलते. कार्बनच्या काळ्या पिगमेंटपासून केलेली करडी शाई दृश्य प्रकाशाच्या सगळ्या पट्ट्यात बरीचशी समान वागते, त्यामुळे ती दिव्याच्या फरकाला फारशी बधत नाही.

म्हणूनच कृष्णधवल छपाईतली मोठी सुधारणा करड्या शायांमुळे झाली. एप्सनने 2005 मध्ये आर 2400 या प्रिंटरबरोबर अल्ट्राक्रोम के 3 शाई आणली. तिच्यात पूर्ण काळ्या शाईच्या जोडीला लाइट ब्लॅक आणि लाइट लाइट ब्लॅक अशा दोन पातळ काळ्या शाया होत्या, आणि ड्रायव्हरमध्ये कृष्णधवल छपाईसाठी खास पद्धतही होती. 2011 मध्ये आलेल्या कॅननच्या पिक्समा प्रो 1 मध्ये तर फोटो ब्लॅक, मॅट ब्लॅक आणि तीन करड्या मिळून पाच एकरंगी शाया होत्या. अशा प्रिंटरमध्ये करडा काळ्या कुळातल्या शायांतूनच तयार होतो आणि रंगीत शाई केवळ उबदार किंवा थंड छटा साधण्यापुरती, अगदी चिमूटभर वापरली जाते.

तुमच्या प्रिंटरवर करता येण्यासारखे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे त्या विशिष्ट कागदासाठी चांगले प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर शायांचे रंग कसे उतरतात हे मोजून केलेली दुरुस्तीची फाइल, करून घेणे. त्याने ज्या प्रकाशासाठी प्रोफाइल बनले त्या प्रकाशातली झाक बरीच कमी होईल, मात्र दिवा बदलला की ती पुन्हा डोके वर काढेल. दुसरा मार्ग म्हणजे केवळ काळ्या शाईने छापणे. थेंब दीड-दोन पिकोलिटरचे, म्हणजे अगदी बारीक, असतील तर हातभर अंतरावरून ठिपके बऱ्यापैकी विरतात आणि झाकेचा प्रश्न जवळजवळ संपतो. पण आकाश किंवा चेहऱ्याची त्वचा यांसारख्या सपाट फिकट भागांत रवाळपणा दिसतो. दाणेदार फिल्मवर काढलेल्या छायाचित्रांना तो शोभूनही दिसतो, पण गुळगुळीत छटांच्या चित्रांना मुळीच शोभत नाही.

तिरीप

काळापांढरा यांनी झाकेचा भाग नेमका मांडला आहे. आता पृष्ठभागाकडे वळतो. माझ्या मते ग्लॉसी कागदावरच्या कृष्णधवल छपाईत खरी कसोटी इथेच लागते. छटा सॉफ्टवेअरने सावरता येतात, पण चकाकीचा दोष छटांच्या मागे लपत नाही.

प्रिंटवरून डोळ्यांकडे येणारा प्रकाश दोन प्रकारचा असतो. एक शाईतून जाऊन कागदावरून विखरून येतो. त्यातूनच आपल्याला चित्र दिसते. दुसरा वरच्या पृष्ठभागावरूनच आरशासारखा परततो. त्याला आपण चकाकी म्हणतो. मॅट कागद ही दुसरी वाट विखरून टाकतो, म्हणून त्यावर असले दोष दिसत नाहीत, आणि तो विखुरलेला प्रकाश काळ्यावरही पसरत असल्यामुळे त्याचा काळा फिका वाटतो. ग्लॉसी कागद हा प्रकाश एकाच दिशेने परतवतो. तुम्ही त्या दिशेत नसाल तोवर काळा गडद दिसतो, आणि त्या दिशेत आलात की पृष्ठभागावर जे काही असेल ते सगळे उघडे पडते.

पिगमेंट शाई म्हणजे द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म घन कण. छापल्यावर द्रव कागदाच्या लेपात मुरतो आणि कण वर राहतात. जिथे कण दाट साचतात, तिथली चकाकी कागदाच्या स्वतःच्या चकाकीपेक्षा वेगळी होते. शिवाय हे कण सगळ्या रंगांचा प्रकाश सारखा परतवत नाहीत, म्हणून दिव्याचे प्रतिबिंबच तांबूस, कधी हिरवट तर कधी जांभळट दिसते. हे ब्राँझिंग. शाई असलेल्या आणि नसलेल्या भागांच्या चकाकीतला फरक हा त्याचा सख्खा भाऊ असला तरी वेगळा दोष आहे. गडद भिंतीसमोर पांढरा सदरा घातलेल्या माणसाचा प्रिंट खिडकीशी आडवा धरून पाहिला तर हा दुसरा दोष लगेच कळतो: सदऱ्याच्या कडेशी चकाकी अचानक तुटते आणि सदरा कात्रीने कापून कागदात जरा खाली बसवल्यासारखा दिसतो. झळाळीला रंग असेल तर पहिला दोष, रंग नसून केवळ चमक कमीजास्त असेल तर दुसरा. तुमच्या प्रिंटमध्ये दोन्ही आहेत असे वर्णनावरून वाटते.

यावर उपाय काय? प्रिंटर उत्पादकांनी शोधलेला उपाय म्हणजे बिनरंगी पारदर्शक शाई. एप्सनच्या आर 800 आणि आर 1800 या प्रिंटरांत ग्लॉस ऑप्टिमायझर होता, कॅननच्या प्रो 1000 आणि प्रो 300 मध्ये क्रोमा ऑप्टिमायझर आहे. ही शाई मोकळ्या राहिलेल्या भागांवर किंवा सबंध चित्रावर पातळ थर देते आणि पृष्ठभाग एकसारखा होतो. कॅननच्या ड्रायव्हरमध्ये हा थर आपोआप गरजेपुरता द्यायचा की सगळीकडे द्यायचा, हे निवडता येते. कृष्णधवल चित्रासाठी मी सगळीकडे द्यायचा पर्याय निवडावा असेच सांगेन. शाई जास्त लागते, पण पांढऱ्याच्या कडेची ती तुटलेली रेघ जाते. निव्वळ काळ्या-करड्या शायांची पिझोग्राफी ही पद्धत वापरणारे लोक ग्लॉसी कागद छापून झाल्यावर तो वाळवतात आणि पुन्हा प्रिंटरमध्ये घालून त्यावर पारदर्शक थराची वेगळी फेरी देतात. वेळखाऊ काम आहे, पण परिणाम फार देखणा येतो.

तुमच्या प्रिंटरमध्ये अशी शाई नसेल तर आधी एक साधा प्रयोग करा. चित्रात पूर्ण पांढरे काही ठेवूच नका. संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये कर्व्हचे (छटा वरखाली करण्याच्या आलेखाचे) वरचे टोक 255, म्हणजे पूर्ण पांढऱ्या, वरून 250 च्या आसपास आणा, म्हणजे सर्वांत उजळ भागातही शाईचे थोडे थेंब पडतील आणि मोकळा कागद उरणार नाही. पांढरा अगदी नावापुरता मळतो, पण कडेची तुटलेली चकाकी बरीच सौम्य होते. चित्राबाहेरची कोरी किनार तशीच वेगळी चमकेल. ती माउंटबोर्डखाली (फ्रेममध्ये चित्राभोवती लावायच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकून टाकावी.

याउपर रक्षक लॅकरचा फवारा हा उपाय राहतो. छायाचित्रांच्या प्रिंटसाठीच बनवलेला फवारा घ्यावा, प्रिंट किमान एक दिवस पूर्ण वाळू द्यावा, आणि एकदाच जाड थर न देता आधी आडवे व मग उभे असे पातळ हात फिरवावेत. दोन हातांच्या मध्ये थर वाळू द्यावा. यात द्रावके असतात, म्हणून हवा खेळती हवी आणि योग्य मास्क लावूनच काम करावे. धूळ बसली तर ती कायमची बसते, याची आठवण ठेवा. फवाऱ्याने तांबूस झळाळी बरीच दबते आणि काळा आणखी थोडा गडद होतो.

ओलीशाई

पिगमेंटच्या मागे लागून एवढा खटाटोप करण्यापेक्षा डाय शाईचा प्रिंटर का घेऊ नये, असा प्रश्न मला नेहमी पडतो. डाय द्रवात पूर्ण विरघळलेली असते, ती कागदाच्या लेपात आत मुरते आणि वरचा पृष्ठभाग कागदाचाच राहतो. त्यामुळे ब्राँझिंग नाही, चकाकीतला फरक नाही, फवारा नाही. कॅननच्या प्रो 200 सारख्या डाय प्रिंटरमध्ये करडी आणि फिकट करडी अशा दोन शायाही आहेत, म्हणजे झाकेवरही काही अंशी उत्तर मिळते. ग्लॉसी कागदावर डायचा प्रिंट इतका नितळ दिसतो की त्यात डोकावून पाहावेसे वाटते. मी तरी कौटुंबिक छायाचित्रे, अल्बम आणि लहान आकाराचे प्रिंट यांसाठी डायच वापरते.

काळापांढरा

ओलीशाई, पृष्ठभागाबद्दलचे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र टिकाऊपणाचा हिशेब वेगळा लागतो. डायचा रेणू एकटा असतो आणि प्रकाश व हवेतला ओझोन त्याच्यावर थेट काम करतात. पिगमेंटच्या कणात असंख्य रेणू एकत्र असतात आणि वरचे झिजले तरी आतले टिकून राहतात. त्यातही कार्बन पिगमेंट अतिशय स्थिर असते. आज मिळणारे बहुतेक ग्लॉसी कागद लगेच वाळावेत म्हणून सच्छिद्र लेपाचे असतात, आणि त्या छिद्रांतून हवेचा शिरकाव होत असल्यामुळे काचेविना उघडा ठेवलेला डायचा प्रिंट लवकर फिका पडू शकतो.

कृष्णधवल प्रिंटमध्ये याचा त्रास जास्त, कारण सगळ्या शाया सारख्या वेगाने उडत नाहीत. आधी एक रंग कमी होतो आणि करड्याला उरलेल्या रंगांची झाक चढते. रंगीत प्रिंट फिका पडला तरी काही काळ चालून जातो, पण करडा एका बाजूला झुकला की लगेच जुनाट दिसू लागतो. अल्बममध्ये बंद राहणाऱ्या किंवा काचेमागे, थेट उन्हापासून दूर लावायच्या प्रिंटसाठी डाय जरूर वापरावी. प्रदर्शनासाठी, विक्रीसाठी किंवा संग्रहासाठी द्यायच्या प्रिंटला मात्र मी पिगमेंटच सुचवेन.

ओलीशाई

हे मान्य. प्रिंट कुठे लावणार यावर शाई ठरवावी, असे माझे मत आहे. आणखी एक गोष्ट मी मुद्दाम नोंदवते: डायच्या प्रिंटची छटा छापल्या छापल्या ठरवू नये. वाळताना ती काही तासांत किंचित सरकते. दुसऱ्या दिवशी पाहूनच मग दुरुस्ती करावी.

कागदवेडा

शाईवर एवढी चर्चा झाली, आता कागदाबद्दल. अर्धछाया, तुम्ही ग्लॉसी म्हणता तो कागद बहुधा आरसी प्रकारचा असणार, म्हणजे मधल्या कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिथिलीनचा थर आणि वर शाई घेणारा लेप. हा सपाट असतो, चमक भरपूर देतो आणि त्यामुळेच चकाकीचे सगळे दोष मोठे करून दाखवतो. त्याच्याच भावंडांत लस्टर, सॅटिन, पर्ल या नावांनी मिळणारे कागद असतात. त्यांच्या पृष्ठभागावरची बारीक रवाळी प्रतिबिंब मोडते, काळ्याची खोली मात्र जवळजवळ तेवढीच राहते. पिगमेंट प्रिंटरला पूर्ण चकचकीत कागदाचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याहून सरस म्हणजे बरायटा. डार्करूमच्या काळातल्या फायबर कागदात इमल्शनखाली, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील लेपाखाली, बेरियम सल्फेटचा थर असे. त्याने कागद उजळ आणि गुळगुळीत होई. त्याच धर्तीवर आता इंकजेटसाठी कागद निघतात. हानेम्यूलेचा फोटो रॅग बरायटा, कॅन्सन इन्फिनिटीचा बरायटा फोटोग्राफिक, इलफर्डचा गोल्ड फायबर सिल्क ही त्यातली नावाजलेली नावे. चमक आहे पण ती प्लॅस्टिकची वाटत नाही, आणि पिगमेंट शाई त्यावर कागदाच्या स्वतःच्या चकाकीशी बरीच मिळून येते. ज्यांनी चांदीच्या क्षारांचे प्रिंट हाताळले आहेत, त्यांना हा पृष्ठभाग ओळखीचा वाटेल.

कागद घेताना त्यात ऑप्टिकल ब्राइटनर किती आहेत, हेही पाहावे. ही द्रव्ये अतिनील किरणे शोषून निळसर उजेड देतात, त्यामुळे कागद पांढराशुभ्र दिसतो. कालांतराने त्यांचा जोर ओसरतो आणि कागद आपल्या मूळच्या पिवळसरपणावर येतो. कृष्णधवल चित्रात कागदाचा रंग हीच सर्वांत उजळ छटा असल्यामुळे चित्राचा सगळा स्वभाव बदलतो. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारून पाहिले की कोणता कागद निळा पेटतो आणि कोणता शांत राहतो, ते लगेच कळते.

ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडणे हा काही औपचारिक भाग नाही. कोणती काळी शाई वापरायची आणि किती ओतायची, हे त्यावरच ठरते. मॅटचा प्रकार निवडून ग्लॉसीवर छापले तर मॅट ब्लॅक शाई लेपाला धरत नाही आणि बोट फिरवले की काळे निघून येते. उलट बाजूने, प्रकार ग्लॉसीच पण शाई कागदाला झेपणार नाही इतकी ठेवली, तर गडद भागांत शाई साचून डाग पडतात आणि ब्राँझिंग वाढते. दुसऱ्या उत्पादकाचा कागद असेल तर त्याने सुचवलेला प्रकार पाहा, आणि शंका असल्यास कमी शाईच्या प्रकारापासून सुरुवात करा.

ग्लॉसीवरचा एक बारीक दोष मात्र पुष्कळांना शाईचा वाटतो. गडद भागात सरळ रेषेत, सारख्या अंतरावर सुईने टोचल्यासारखे ठिपके दिसले, तर ते कागद बाहेर ढकलणाऱ्या दातेरी चाकांचे ठसे असतात. ओली शाई आणि मऊ लेप एकत्र आले की ते उमटतात. जाड कागद मागच्या किंवा पुढच्या सरळ वाटेने घालावा, ड्रायव्हरमध्ये जाड कागदाचा पर्याय असल्यास तो लावावा आणि वाळण्याचा वेळ वाढवावा.

निकष

वरच्या सगळ्या चर्चेत मोजमाप राहिले, म्हणून थोडे लिहितो. काळ्याची खोली परावर्तन-घनतेत मोजतात. चांगल्या ग्लॉसी किंवा बरायटा कागदावर पिगमेंटचा काळा 2.3 च्या आसपास जातो, मॅटवर तो साधारण 1.6 ते 1.7 वर थांबतो. ही लॉगरिदमची मोजणी असल्यामुळे आकडे जवळचे वाटतात, प्रत्यक्षात 2.3 म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी अर्धा टक्का परत येणे आणि 1.6 म्हणजे अडीच टक्के परत येणे. पाचपट फरक आहे. अर्धछाया यांना ओल्या रस्त्याचा काळा मॅटवर राखाडी वाटतो, तो या पाचपटीमुळेच.

हेच उलट बाजूने पाहा. ग्लॉसी प्रिंटवर सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद यांच्यात साधारण 200 पट अंतर मिळते, तर चांगला स्क्रीन 1000 पटींपर्यंत सहज जातो. म्हणून स्क्रीनवर सुटी दिसणारी सावल्यांतली तपशीलवार गर्दी प्रिंटमध्ये एकत्र चिकटते. स्क्रीनची उजळी 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर एवढी खाली आणल्याशिवाय प्रिंट काळवंडलेला येतो अशी तक्रार कोणी करू नये.

पहिल्यांदा 21 पायऱ्यांची करडी पट्टी छापा. प्रत्येक पायरी शेजारच्या पायरीपासून वेगळी दिसते का, ते पाहा. विशेषतः शेवटच्या चार-पाच गडद पायऱ्या. त्या मिसळत असतील तर चित्रात कितीही खटपट केली तरी सावल्या उघडणार नाहीत. त्याच पट्टीवर झाकही कळते, आणि पट्टी तिरकी करून पाहिली तर कोणत्या छटेपासून तांबूस झळाळी सुरू होते, तेही कळते.

करड्या शाया असलेल्या प्रिंटरवर क्वाडटोन रिप हे सॉफ्टवेअर वापरता येते. त्यात कोणत्या छटेला कोणती शाई किती द्यायची, हे आपण ठरवतो आणि पट्टी मोजून छटांची चढण समान करून घेतो. एप्सनच्या ड्रायव्हरमधली कृष्णधवल पद्धत त्या मानाने बंदिस्त आहे, पण तटस्थ, उबदार, थंड अशी छटा निवडता येते आणि बहुतेकांना ती पुरते. या पद्धतीत रंगीत शाई कमीत कमी पडते. नेहमीच्या रंगीत मार्गाने प्रोफाइल लावून छापताना ती जास्त पडते. म्हणून करड्या शाया असतील तर आधी कृष्णधवल पद्धत, आणि त्या नसतील तर प्रोफाइल, असा माझा क्रम असतो. फाइल 16 बिटमध्ये ठेवावी, म्हणजे धुके किंवा आकाश यांच्यावर छटांचे पट्टे पडत नाहीत.

अर्धछाया

सर्वांचे मनापासून आभार. इतके तपशीलवार प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते.

सुचवल्याप्रमाणे 21 पायऱ्यांची पट्टी छापून पाहिली. शेवटच्या तीन पायऱ्या एकमेकींत विरघळलेल्या दिसल्या, आणि तांबूस झळाळी साधारण मधल्या छटांच्या पुढे सुरू होऊन सर्वांत गडद पायरीशी पुन्हा थोडी कमी होते. मग तेच छायाचित्र आरसी ग्लॉसी आणि बरायटा अशा दोन्ही कागदांवर, कर्व्हचे टोक 250 वर आणून छापले. बरायटावर पांढऱ्याच्या कडेची चकाकी शोधावी लागते, इतकी ती निवळली आहे. ग्लॉसीवर ती कमी झाली, पण गेली नाही. झाक मात्र दोन्हीकडे आहे. प्रोफाइल लावल्यावर खिडकीशी करडा बराच तटस्थ दिसतो आणि दिव्याखाली अजून गुलाबीच दिसतो. काळापांढरा यांनी सांगितले होते, अगदी तसेच.

यावरून माझ्यापुरता निर्णय झाला आहे. पृष्ठभागाचा प्रश्न कागद बदलून आवाक्यात येतो, पण दिव्याबरोबर बदलणारी झाक या प्रिंटरवर सुटणार नाही. पुढचा प्रिंटर करड्या शायांचाच घेईन. तोवर फिल्मवरची दाणेदार छायाचित्रे केवळ काळ्या शाईने बरायटावर छापत राहीन, कारण त्यांचा परिणाम मला खरोखर आवडला आहे.

एक शेवटचा प्रश्न: फ्रेम करताना काच लावावी की नाही? काचेमुळे काळ्याची खोली कमी होईल का?

तिरीप

काच लावावी. काचेची स्वतःची चकाकी पुढे येते आणि तिच्या मागची प्रिंटची चकाकी मागे पडते, त्यामुळे उरलेसुरले ब्राँझिंग आणि चकाकीतला फरक पाहणाऱ्याला जवळपास कळत नाही. साध्या काचेवर समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडले तर काळा फिका वाटेल, हे खरे. म्हणून प्रतिबिंबरोधक लेपाची काच मिळाली तर ती घ्या. खरबरीत केलेली मॅट काच घेऊ नका. ती प्रतिबिंब विखरते, पण ग्लॉसी कागद ज्यासाठी निवडला तो काळाही धुरकट करते.

प्रिंट आणि काच एकमेकांना टेकू देऊ नयेत. माउंटबोर्डच्या जाडीइतकी फट राहिली पाहिजे, नाहीतर ग्लॉसी लेप काचेला चिकटतो आणि सोडवताना फाटतो. दिवा वरून, प्रिंटशी साधारण 30 अंशांचा कोन करून सोडला तर त्याचे प्रतिबिंब पाहणाऱ्याच्या डोळ्यांत न येता खाली जाते.

कागदवेडा

यात एकच भर घालतो. शाईत ग्लायकॉलसारखी मंद वाळणारी द्रव्ये असतात, आणि आरसी कागदातून ती मागच्या बाजूने बाहेर पडू शकत नाहीत. प्रिंट लगेच फ्रेममध्ये बंद केला तर काही आठवड्यांनी काचेच्या आतल्या बाजूला धुके धरते. छापल्यावर काही तास उघडा ठेवावा, मग त्यावर साधा कोरा कागद पसरून दिवसभर ठेवावा आणि तो कोरा कागद लाटांसारखा वाकला तर बदलून पुन्हा एक दिवस ठेवावा. फवारा मारायचा असेल तर तो यानंतर. बरायटाच्या मागे प्लॅस्टिकचा थर नसल्यामुळे तो लवकर मोकळा होतो, तरी एक दिवस त्यालाही द्यावा.